अस्वलाच्या बातमीतली भाजी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत अस्वलाचं मटण खाऊन लोकांना जंताचा आजार झाल्याची बातमी व्हॉट्सॲपवर अजून फिरतेय, 'डोक्यात किडे' अशा हेडिंगने, खाली हसण्याचे इमोजी. गोष्ट 2022 ची आहे, तिकडच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2024 मध्ये त्यावर रिपोर्ट काढला. मी तो रिपोर्ट वाचला आणि मला काही हसू आलं नाही म्हणून हे पत्र.

झालं काय, तर कॅनडात मारलेल्या काळ्या अस्वलाचं मटण 45 दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं, मग साउथ डकोटात घरचे सगळे जमले तेव्हा त्याचे कबाब लावले. हे मटण मुळातच काळपट, त्यामुळे शिजलंय की कच्चं ते रंगावरून कळेना, थोडं खाऊन झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि परत भाजलं. सहा जण आजारी पडले. त्यातल्या दोघांनी मटण खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्यासोबत भाजलेली भाजी खाल्ली होती! हेडिंग करायचं तर याचं करा ना, डोक्यातले किडे कशाला.

हा जंत म्हणजे ट्रायकिनेला. पोटात आपण नेहमी म्हणतो तसला जंत नाही हा. मटणातून अळ्या पोटात जातात, आतड्यात मोठ्या होतात, माद्या तिथे जिवंत पिल्लं सोडतात आणि ती रक्तातून जाऊन आपल्या स्नायूंत गुंडाळी करून बसतात. आधी जुलाब, पोटदुखी, मग ताप, अंग ठणकणं, डोळ्यांभोवती सूज. त्या घरातला 29 वर्षांचा मुलगा 17 दिवसांत दोनदा ॲडमिट झाला, दुसऱ्या वेळी कुठे अस्वलाचा विषय निघाला. आपल्याकडे असा पेशंट आला तर टायफॉइड बघतील, डेंग्यू बघतील, किडनी बघतील, पण बाबा रे महिन्याभरात कसलं मटण खाल्लंस हे कोण विचारणार?

आणि "आपल्याकडे कोण अस्वल खातंय" म्हणणाऱ्यांसाठी, उत्तराखंडात टिहरी गढवालमध्ये रानडुकराच्या मटणाने हीच साथ आली होती आणि माणसं दगावली होती. रानडुक्कर तर आमच्या कोकणात शेताच्या बांधावर रोज उभं असतं. शिकार बेकायदेशीर आहे हे मान्य, पण वाटे घरोघरी कसे पोचतात ते गावात सगळ्यांना माहितीय, मी कशाला बोलू. घरात शिजतं ते ठीक, आमची आई कुकरच्या एवढ्या शिट्ट्या काढते की हाड पण मऊ होतं, जंताची काय बिशाद. भीती आहे ती रात्री रानात निखाऱ्यावर भाजून ग्लासासोबत खातात त्या तुकड्यांची, बाहेरून करपलेलं आतून लालच. सीडीसी म्हणते आतपर्यंत 74 डिग्री पाहिजे. तिथे कोण थर्मामीटर घेऊन बसलंय?

फ्रीझरचं पण तेच. डुकराच्या मटणातला नेहमीचा ट्रायकिनेला उणे 15 डिग्रीला 20 दिवस ठेवला की मरतो, तेही तुकडे जाड नसले तर. अस्वलात सापडला तो थंडीला न जुमानणारा निघाला. आपलं डुक्कर काय बर्फातलं नाही, पण आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस नसते, त्या फ्रीझरवर कसला भरवसा?

जर्मनीत 1865 मध्ये हेडर्सलेबेन नावाच्या गावात डुकराच्या मटणाने 337 जण आजारी पडले, 101 गेले. त्याच काळात फिरखोव्ह नावाचे मोठे डॉक्टर हटून बसले होते की प्रत्येक डुक्कर सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, खाटीक लोकांनी खूप आरडाओरडा केला, पण शेवटी तपासणी सुरू झालीच. आपल्याकडे कत्तलखान्यात निदान शिक्का तरी बसतो, रानातून पोत्यात येणाऱ्या वाट्यावर कुणाचा शिक्का?

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या कुणाकडून तरी यावर तुम्ही लेख लिहून घ्या ना. पीक वाचवायला वनखात्याच्या परवान्याने जी डुकरं मारतात त्यांच्या जिभेचा नाहीतर छाती आणि पोटामधल्या पडद्याचा तुकडा तपासता येतो का, आणि तो पाठवायचा कुठे, एवढं जरी छापलंत तरी आमच्या ग्रामपंचायतीत ते कात्रण मी स्वतः लावेन.

आपला,
एक वाचक, चिपळूण