विषय : डबा तोच, आतला माल वेगळा, आणि वर ब्लीच ओतायचा तुमचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच लिहायला बसले. उद्यापर्यंत थांबले असते तर पत्र सभ्य झालं असतं. तक्रार पाच लिटरच्या निळ्या डब्यातल्या टॉयलेट क्लीनरची आहे. माल तुमचा आहे, त्यामुळे तो कशासाठी वापरतात हे तुम्हाला सांगत बसत नाही. निदान तुम्हाला तरी ते माहीत असावं.

मी वाघोलीत साफसफाईची छोटी कंत्राटं घेते. एक मंगल कार्यालय, एक दातांचा दवाखाना, सोसायट्यांची क्लबहाउसं आणि एक कोचिंग क्लास. इथे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. भांड्याला, नळाच्या तोंडाला बघता बघता पांढरे क्षार धरतात. मुतारीत त्यावर लघवीचे क्षार बसले की थर आधी पिवळा आणि मग तपकिरी होतो. हा थर साबणाने जात नाही, फिनेलने जात नाही, घासून हात मोडले तरी जात नाही. त्याला आम्लच लागतं. म्हणून तर तुमचा जुना माल घेत होते. तो दाट होता. रिमच्या खालून फिरवून ओतला की भांड्याच्या कडेला धरून हळूहळू खाली उतरायचा. डब्यावर मराठीत स्पष्ट लिहिलेलं असायचं की किती वेळ ठेवायचा, संगमरवर आणि कोटा फरशीवर टाकायचा नाही, ब्लीचमध्ये मिसळायचा नाही. माझ्याकडच्या मावशी ते वाचायच्या आणि नवीन आलेल्या बाईला वाचून दाखवायच्या.

आता डबा तोच, निळा रंग तोच, नाव तेच. फक्त वर एक सोनेरी चांदणी आली आहे आणि तिच्यात ‘नवा शक्तिशाली फॉर्म्युला’. आतला माल पाण्यासारखा पातळ. मराठी गेली. किती वेळ ठेवायचा ते गेलं, फरशीची सूचना गेली, ब्लीचची सूचनाही गेली. घटकांच्या जागी इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, कंपनीचं खास मिश्रण असल्याचं लिहिलंय. खास म्हणजे काय? आम्ल आहे, ब्लीच आहे, की नुसता रंग आणि सुगंध?

तुमचा माल वापरून कार्यालयातली भांडी पहिल्या दिवशी पांढरीशुभ्र दिसली. दोन लग्नं झाली आणि पिवळे पट्टे बरोब्बर त्याच जागी परत आले. हातमोजा काढून रिमच्या खालच्या कडेवर नख फिरवलं, तर खरखर जशीच्या तशी. म्हणजे रंग उडाला होता, थर तिथेच होता. तुमच्या प्रयोगशाळेत हे काय ते ओळखायला वेळ लागू नये. मी गोदामाच्या मागे शहाबादी फरशीच्या तुकड्यावर जुन्या मालाचा थेंब टाकला, तो फसफसला, म्हणजे त्यात आम्ल होतं. शेजारी नव्याचा टाकला, फरशी नुसती ओली झाली. वरून पोहण्याच्या तलावासारखा वास. त्यामुळे माझा संशय असा, की आम्लाच्या डब्यात तुम्ही आता ब्लीचच्या जातीचं काहीतरी भरून विकताय. चूक असेल तर लेखी सांगा. बरोबर असेल तर त्याहून लवकर सांगा.

कारण क्षार निघाले नाहीत एवढ्यावर हे थांबत नाही. माझ्याकडे जुन्या मालाचे अर्धे डबे शिल्लक आहेत. कुठल्याही गोदामात अर्धे डबे एकात एक ओततात, जागा वाचवायला. रंग तोच, नाव तेच, मग कोण कशाला थांबेल? आम्लात ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मंगल कार्यालयाच्या संडासाला वर एक फूटभर झरोका असतो, तोही कबुतरांसाठी जाळी मारलेला. आत वाकून घासणाऱ्या बाईच्या छातीत हा वायू गेला तर काय होतं, ते तुमच्या केमिस्टला विचारा. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रला हाच वायू सैनिकांवर सोडला होता.

आता आजच्या फोनबद्दल. हा मजकूर तुमच्या साहेबांनी चहा बाजूला ठेवून वाचावा.

मराठीसाठीचं बटण दाबलं. फोन हिंदीत उचलला गेला. त्याचं मला काही नाही, हिंदी मला येतं. मुलगा म्हणाला, “मॅडम, डालके कितनी देर छोड़ते हो?” मी म्हटलं, अरे बाबा, तेच तर विचारायला फोन केलाय, डब्यावर लिहिलेलं नाही. “डब्बे पे सब लिखा है, मॅडम.” कुठे? “पीछे.” डबा हातातच होता. मागे किंमत आणि बारकोड. “तो क्यूआर स्कॅन कीजिए.” केला. एक हसरी बाई आणि चकाकणारं भांडं. खाली ‘आत्ताच खरेदी करा’. मी म्हटलं, खरेदी केलाय, म्हणूनच बोलतेय. त्यावर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं देते: “मॅडम, प्रॉडक्ट में प्रॉब्लेम नहीं है, आपके लोगों को ब्रश मारना नहीं आता होगा. हमारा ट्रेनिंग व्हिडिओ देख लीजिए.”

ब्रश मारता येत नाही! ज्या बायका आयुष्यभर दुसऱ्यांचे संडास घासत आल्या, त्यांना तुमचा टाय बांधलेला मुलगा ब्रश मारायला शिकवणार.

तरीही व्हिडिओ पाहिला. तुम्हीही पाहा, तुमच्याच पैशांनी काढलाय. त्यातली बाई पाण्याने भरलेल्या भांड्यात माल ओतते. अहो, आधी ब्रशने चार दणके देऊन भांड्यातलं पाणी ट्रॅपच्या, म्हणजे तळाच्या वाकड्या नळीच्या, पलीकडे ढकलायचं असतं, नाहीतर तुमचा शक्तिशाली फॉर्म्युला पाण्यात विरघळून जातो. ती लगेच घासते आणि लगेच फ्लश करते. थांबायचं कोणी? जंतुनाशक काही वेळ ओलं राहावं लागतं, तेव्हा ते काम करतं, आणि आधीची घाण धुतलेली लागते, नाहीतर त्याची ताकद घाणीतच जिरते. आणि शेवटी कळस म्हणजे ज्या फडक्याने तिने सीट पुसली, त्याच फडक्याने बेसिनचा नळ पुसून कॅमेऱ्याकडे बघून हसली. माझ्याकडे संडासाचं फडकं लाल, बेसिनचं पिवळं. आधी आरसा, बेसिन, दाराची कडी, फ्लशचं बटण, आणि भांडं सगळ्यात शेवटी. लाल फडकं चुकून बेसिनपाशी दिसलं तर मावशी मलासुद्धा सोडत नाहीत. दातांच्या दवाखान्यात तुमचा व्हिडिओ पाहून काम केलं असतं तर डॉक्टरांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं. बराच वेळ तुमच्या जाहिरातीचं संगीत ऐकवून वरिष्ठ आले. त्यांना क्षाराचं सांगितलं, शहाबादीचं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं (हा एवढाच चांगुलपणा) आणि म्हणाले, “ऐसा कीजिए, थोड़ा ब्लीच मिला दीजिए, पावर बढ़ जाएगा.” मी म्हटलं, परत बोला. ते परत बोलले, तेही समजावणीच्या सुरात. मी विचारलं, तुमच्या डब्यात आम्ल आहे की नाही? “मॅडम, वो कॉन्फिडेन्शियल है.” म्हणजे आत आम्ल आहे की नाही हे गुपित, पण त्यात ब्लीच ओतायचं हे खुशाल सांगायचं! नाव विचारलं तर नाव सांगायची परवानगी नाही. बरोबर आहे, असा सल्ला देणाऱ्याने नाव सांगूही नये.

फोन ठेवला आणि मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कृपया ५ पैकी गुण द्या.’ शून्याचं बटण नव्हतं.

डबा मी व्यापाऱ्याकडून छापील किमतीला, बिल घेऊन विकत घेतलाय. ‘तुम्ही धंदेवाईक, ग्राहक नाही’ हे पालुपद सुरू करण्याआधी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्यात व्यापारी कारणाबाहेर ठेवला आहे. तक्रारही आता मी राहते तिथल्याच जिल्हा आयोगात करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. तिचा क्रमांक १९१५, योगायोग बघा. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग ‘गुणवत्तेसाठी’ तुम्ही करता असं सुरुवातीलाच ऐकवता. ते पुसू नका, मी ते मागवणार आहे.

मला पैसे परत मिळाले तर हवेच आहेत, कारण कार्यालयाच्या मॅनेजरने पिवळी भांडी दाखवून माझं बिल अडकवून ठेवलंय. पण त्याआधी मला लेखी उत्तर हवं की डब्यात काय आहे. डब्यावर मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत, तो किती वेळ ठेवायचा, कुठल्या फरशीवर टाकायचा नाही आणि कशात मिसळायचा नाही हे परत आलं पाहिजे. आत वेगळा माल भरायचा असेल तर डब्याचा रंग बदला. निळ्या प्लास्टिकवर एवढा जीव आहे का तुमचा? आणि ग्राहक सेवेतल्या प्रत्येकाला, ब्लीच मिसळा असं पुन्हा कोणालाही सांगायचं नाही, हे आजच कळवा. माझ्याशी बोलले तसे तुमचे ते वरिष्ठ दिवसभरात आणखी कोणाकोणाशी बोलले असतील, हा विचार मला सोडत नाही.

तुमच्या मालावर माझा विश्वास होता म्हणून इतरांचा स्वस्त माल कधी घेतला नाही. चुकलं तुमचं आणि बिल अडकलं माझं.

न उघडलेले डबे वेगळे काढून, वर चिठ्ठी लावून ठेवले आहेत. या आठवड्यात तुमचा माणूस पाठवा. येताना परताव्याची पावती आणि घटकांचा कागद घेऊन यायला सांगा, आणि व्हिडिओ दाखवायचा असेल तर मावशी असतील तेव्हाच यायला सांगा.

एक ग्राहक
(नाव, पत्ता, बिल क्रमांक आणि बॅच क्रमांकाचा फोटो सोबत जोडला आहे.)