रिकाम्या हातानं विंगेत यायचं नाही

लीड्सजवळून,
16 नोव्हेंबर

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा आईनं फोनवर विचारलं, "आठवड्यातल्या तीन संध्याकाळी असतेस तरी कुठे?" आणि मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आई, मी नाटकात पडलेय. घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

इथल्या हौशी मंडळींच्या चार एकांकिका आहेत, एकेक वीस-पंचवीस मिनिटांची. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन प्रयोग, चर्चच्या हॉलमध्ये. पोस्टमन आहे, गणिताच्या निवृत्त बाई आहेत, दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट आहे आणि नेपथ्याला 76 वर्षांचे एक आजोबा आहेत. ते बोलतात कमी, मोजतात जास्त. पैसा कुणालाच मिळत नाही, उलट वर्षाची वर्गणी भरायची. पहिल्या बैठकीत एका एकांकिकेत डॉक्टरीण हवी असं निघालं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, डॉक्टर होणं आईलाही जमवता आलं नाही माझ्याकडून, मला मागचं काम द्या. माणसं वाईट नाहीत हो, पण तेवढं मी लक्षात ठेवलंय.

तर आता प्रॉपर्टी (आई, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू) माझ्याकडे. आणि प्रवेशबदल.

या हॉलमध्ये एरवी बॅडमिंटन चालतं, त्यामुळे जमिनीवर आधीच पांढऱ्या-पिवळ्या रेघांचं जाळं. त्यावर आम्ही चार एकांकिकांच्या चार रंगी पट्ट्या चिकटवल्या: सोफ्याचे पाय लाल, टेबलाचे निळे, असं. पहिल्या तालमीला पोस्टमनदादा हिरव्याऐवजी बॅडमिंटनच्या रेघेवर जाऊन उभे राहिले आणि अख्खा संवाद भिंतीला म्हणाले. 5 नोव्हेंबरला तर कहरच. आपला रंगभूमी दिन, आणि नेमकी त्याच रात्री इथे गाय फॉक्सच्या नावानं आतषबाजी असते. तिसऱ्या एकांकिकेत नवरा-बायको दीड मिनिट एकमेकांशी बोलत नाहीत, तेवढीच त्या नाटकाची खरी जागा. त्या दीड मिनिटात बाहेर इतके बाण सुटले की दिग्दर्शिकाबाई मांडी घालून जमिनीवर बसल्या आणि हसत सुटल्या. मी त्या दिवशी विष्णुदास भाव्यांचं सांगितलं, 1843, सांगली, सीतास्वयंवर. आजोबांनी नाव दोनदा उच्चारून घेतलं.

बाबा, खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या एकांकिकेच्या मध्ये होती. आधी बैठकीची खोली, नंतर रेल्वेचा फलाट. मध्यंतर त्यानंतर, त्यामुळे पडदा पाडून निवांत करता येत नाही, आणि पडदा आहेच कुठे? काळोख करायचा आणि उरकायचं. पहिल्यांदा चार मिनिटं लागली. काळोखात चार मिनिटं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाच जण एकमेकांवर आदळत होते, सोफा एकाच बाजूनं दोघांनी उचललेला, आणि बाक आणायला गेलेला मुलगा रिकामाच परत आला, कारण बाक आधीच कुणीतरी नेला होता.

तेव्हा तुम्ही आठवलात. भावे नाट्यमंदिरात, राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी, पोरांना दम भरताना: "रिकाम्या हातानं विंगेत यायचं नाही, रिकाम्या हातानं जायचं नाही!" मी कागद घेतला आणि पाच जणांचे पाच रकाने केले. आत जाताना काय नेणार, येताना काय आणणार. नेताना बाक, आणताना दिवा. नेताना पेटी, आणताना गालिचा. मग उजेडात सावकाश चाललो, मोठ्यानं आकडे म्हणत. मग डोळे मिटून. शेवटी दिवे घालवून. काल 85 सेकंदांत झालं. तुमचं वाक्य मी इंग्रजीत सांगितलं होतं, आता ते चहाचे कप धुवायला जातानाही एकमेकांना ऐकवतात.

प्रॉपर्टीचं टेबल बघाल तर खूश व्हाल. पांढरा कागद पसरलाय आणि प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती पेनानं रेघ मारलीय. टेलिफोन, चष्मा, किल्ल्या, पत्र, पुन्हा एक पत्र (हे फाडायचं असतं, म्हणून तीन प्रती). रेघेच्या आत वस्तू नसेल तर लांबून कळतं. असं असूनही बुधवारी केकचा गोल रिकामा. दिव्यांच्या बोर्डवर बसणाऱ्या मुलानं तो खाल्ला होता, आणि विचारलं तर म्हणतो, छान होता. आता स्पंजाचा केक केलाय, आंघोळीच्या स्पंजाचा, वर पांढरा रंग. त्याची एक कड मी तीन दिवस घासतेय, खरी वाटावी म्हणून.

आणि दिवे! तांत्रिक तालमीत ऐन रंगात काळोख झाला. आम्हाला वाटलं ब्लॅकआऊट लवकर घेतला. तसं नव्हतं. स्वयंपाकघरात कुणीतरी मध्यंतरासाठी चहाचं विजेचं मोठं पिंप लावलं होतं, शिवाय थंडी म्हणून हीटर, आणि सगळं एकाच लाइनवर. आता पिंप प्रेक्षक यायच्या आधी उकळून बंद ठेवायचं अशी पाटी लावलीय. चहा कोमट मिळेल. आई, तू इथे असतीस तर त्या चहाला हात लावला नसतास.

बाबा, तुम्ही विचारालच म्हणून सांगते: संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे आपल्याकडच्या नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र वगैरे इथे लागत नाही. आजोबा म्हणाले, त्यांच्या तरुणपणी लागायचं. नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनकडून मंजूर होऊन यायची, ते 1968 च्या कायद्यानं गेलं. मी त्यांना तुमच्या मुंबईच्या खेपा सांगितल्या. ते इतके हसले की ठसका लागला. लेखकाचे पैसे मात्र प्रत्येक प्रयोगामागे आधी भरायचे, त्यात सवलत नाही. ते बरोबरच आहे.

एक गोष्ट कधी बोलले नव्हते. सहावीत मी वर्गातल्या मैत्रिणीला तुमच्या प्रयोगाला आणलं होतं, माझे बाबा नाटकात आहेत म्हणून. ती दोन अंक तुम्हाला शोधत राहिली. मध्ये काळोखात खुर्ची उचलून नेणारी एक सावली दिसली, ते तुम्ही होतात, मला चालीवरून कळलं. मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली. घरी येऊन तुमच्याशी दोन दिवस धड बोलले नव्हते, आणि आईला वाटलं होतं माझा घसा बसलाय.

शुक्रवारी तुमची नात येणार आहे, पहिल्या रांगेत. तिला सांगून ठेवलंय की दिवे गेले की डोळे मिटायचे नाहीत. तुमचे जावई दारावर तिकिटं फाडणार.

आता कामाचं. फ्लॅटना, म्हणजे नेपथ्याच्या भिंतींना, मागून टेकू दिलेत आणि टेकूवर लोखंडी वजनं ठेवलीत, पण हॉलची जमीन गुळगुळीत, खिळा मारायची परवानगी नाही, आणि दार आपटलं की आख्खी भिंत हलते. त्या बाईला तर रागानंच दार आपटायचं आहे. तुम्ही वाळूच्या पिशव्या ठेवायचात त्या टेकूच्या मागे की वर? आणि खाली काही घालायचात का? गोणपाट का सायकलची ट्यूब असं काहीतरी अंधुक आठवतंय. पत्र पोचेपर्यंत प्रयोग होऊन जातील, म्हणून याचा फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतेय. त्याला सांगून उत्तर बोलून पाठवा. चित्र काढून पाठवलंत तर आणखी बरं, आजोबांना चित्र कळतं.

मंगळवारी रंगीत तालीम आहे. त्याच्या आत हवंय.

तुमची,
बेबी