बाबा, कान्हेरीचं पाणी पाहायला या

ती. आई-बाबा,
सप्रेम जय भीम.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले. फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून लिहिते. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं हे जंगल, आणि भोवताली मुंबई. सकाळी वनखात्याच्या माणसासोबत शिलोंढ्याच्या पायवाटेनं हिंडलो. चितळ दिसले. आई, इथे बिबट आहेत, पण तू घाबरू नको. आपल्याकडे बोरच्या जंगलाकडे वाघ फिरू लागला की बाया वेचणीला घोळक्यानं जातात ना, तसंच इथल्या पाड्यांवरची माणसंही अंधार पडल्यावर एकटं-दुकटं बाहेर पडत नाहीत, लेकरांना तर नाहीच.

पण बाबा, मला सांगायचं आहे ते पाण्याचं. उद्यानातच डोंगरावर कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून जास्त. दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झाली आणि पुढे कित्येक शतकं काम चाललं. भिक्खूंच्या खोल्या लहानशा, बसायला-निजायला दगडाचाच ओटा. आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याचं टाकं, तेही कातळात कोरलेलं. डोंगरावरून येणारं पाणी टाक्यात वळवायला दगडात पन्हळी कोरल्या आहेत. दिवाळी होऊन गेली तरी काही टाक्यांत पाणी होतं. आपल्या विहिरीला लागला तोच काळा पाषाण हा. तुम्ही सुरुंग लावून तो फोडलात, इथे छिन्नी-हातोड्यानं कोरलाय. एकेका टाक्याशी मी वाकून बघत बसले, बरोबरचे लोक पुढे निघून गेले. धुऱ्यावरून वाहून जाणारं पाणी शेततळ्यात कसं वळवायचं, यावर तुम्ही आणि काका रात्र रात्र बोलायचे, ते सारखं आठवत होतं. तुम्ही असता तर उतार कुठून कुठे धरला, हे मला बोटानं दाखवलं असतं.

आई, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मोठा चैत्य आहे. ओसरीत दोन्ही टोकांना उभ्या बुद्धमूर्ती, वीस फुटांहून उंच. कल्याण, सोपारा, नाशिककडच्या साध्या लोकांनीही इथे दान दिल्याचं शिलालेखांत कोरलेलं आहे. कोणी लेणं दिलं, कोणी नुसतं टाकं. मला तर टाकं देणाऱ्याचं नाव वाचून जास्त भरून आलं. आपल्या विहाराच्या बोअरसाठी तू वर्गणी गोळा करत घरोघर फिरली होतीस.

उद्यानात विहार आणि तुळशी असे दोन तलावही आहेत. विहार १८६० सालचा, मुंबईला पाणी द्यायला बांधलेला.

तूर निघाली की दोघंही या. वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन मी काढते, दादरला घ्यायला येते. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून मंगळवारी जाऊ. फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर आहे, पण आतून बस मिळते. आईच्या गुडघ्यांना चढायच्या तेवढ्या पायऱ्याच. मधे मधे बसत जाऊ. बाबा, गुरांचं काकांना आत्ताच सांगून ठेवा, ऐनवेळी तेवढं कारण नको.

तुमची,
ताई