नर्सिंग ही दुसरी पदवी असेल तर? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय जय भीम.

मी परभणी जिल्ह्यात राहते. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाले आहे, वय २७. एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते, नमुने लावते, रिपोर्ट टाइप करते. मला आता बी.एस्सी. नर्सिंग करायचं आहे. बारावीला पीसीबी होतं, गुण पुरेसे आहेत, सीईटी देण्याची तयारी आहे. नाहीत ते पैसे. आणि पैशासाठी सरकारी योजनांकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, "तुमची एक पदवी झालीय ना?"

नर्सिंगच का, असंही लोक विचारतात. सेवाभाव वगैरे आहे, पण मुख्य कारण पगार. सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. लॅबमध्ये बी.एस्सी.वाल्यांना काय मिळतं, ते इथे लिहीत नाही. कुठल्याही लॅबमध्ये सहज विचारून बघा.

मी अनुसूचित जातीची. पहिली पदवी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर झाली आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच शिष्यवृत्तीचा नियम असा, की एका टप्प्याचं शिक्षण पूर्ण करून त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेणारा विद्यार्थी अपात्र. नियमावलीत याचं उदाहरण बी.ए. नंतर बी.कॉम. असं दिलेलं असतं. हेतू समजतो. वसतिगृहाची खोली आणि निर्वाह भत्ता टिकवायला एकामागून एक पदव्या घेत राहणारे असतात, त्यांना आवर घालायला हवाच. पण बी.ए. करून बी.कॉम.ला बसणं आणि बी.एस्सी. करून नर्सिंगला जाणं हे एकाच तराजूत कसं बसतं? बी.कॉम.वाल्यासाठी कुठला वॉर्ड खोळंबलेला नाही. नर्सिंगच्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय मात्र कुणाला नर्स म्हणून पेशंटच्या हाताला सलाइनही लावता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हा नियम केंद्राचा आणि शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाची. खरं आहे. पण नर्स तुमच्या रुग्णालयांना हव्या आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला. दर हजार लोकसंख्येमागे तीन नर्स असाव्यात असा निकष आपल्याकडे सांगितला जातो, आणि देशात त्या दोनच्या आसपास आहेत. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं काढायला १,५७० कोटी मंजूर केले. इमारती होतील. त्यात कोण शिकणार आणि कशाच्या जोरावर, हे ज्या नियमांवर ठरतं ते मात्र जुनेच राहिले.

मग कर्ज काढा, असं सगळेच सुचवतात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, कारण केंद्राची पत हमी योजना आहे. कागदावर. मी ज्या बँकेत गेले तिथल्या साहेबांनी योजनेचं नाव ऐकून घेतलं आणि वडिलांचा सातबारा मागितला. वडिलांच्या नावावर शेत नाही. बरं, कर्ज मिळालं असं धरू. फी, वसतिगृह, मेस, गणवेश मिळून वर्षाला दीड लाख धरले तर चार वर्षांचे सहा लाख होतात. दहा टक्के सरळ व्याजाने, शिक्षण संपून वर्षभराने हप्ते सुरू व्हायच्या आधीच, दोन लाखांच्या वर व्याज चढतं. पुढे दहा वर्षं महिना साधारण पावणेअकरा हजारांचा हप्ता. खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती, की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत. आमच्याकडची बहुतेक रुग्णालयं त्याच आकाराची आहेत. तिथल्या सिस्टरना त्या समितीचं नाव विचारलं तर हसतात. आणि २०,००० खरंच मिळाले, तरी निम्म्याहून जास्त हप्त्यात जाणार.

व्याजाला केंद्राची सवलत आहे. पालकांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर अभ्यासक्रमाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. पण एकदाच, आणि पदवीसाठी घ्यायची तर पहिल्याच पदवीसाठी. पहिल्या पदवीला मी एक रुपयाही कर्ज काढलं नव्हतं. न घेतलेली सवलत वापरून झाली, असा याचा अर्थ.

नोकरी करत शिका, हा सल्ला तर कुणीही देतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाने परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकल पोस्टिंगची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. दिवसभर वॉर्ड, संध्याकाळी केस स्टडी, मध्येच रात्रपाळी. लॅब सुटणारच. शिवाय चारच्या चार वर्षं, एक दिवसही कमी नाही. त्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र आहे. ज्या विषयाची पदवी माझ्या कपाटात आहे, तोच विषय मी पुन्हा शिकणार आणि त्याचे पैसेही भरणार. अमेरिकेत पदवीधरांसाठी ११ ते १८ महिन्यांचे नर्सिंगचे जलद अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे तशी सोय अजून झालेली नाही.

इंग्लंडमध्येही दुसऱ्या पदवीला सरकारी कर्ज सहसा मिळत नाही, पण २०१७ पासून नर्सिंगचा त्याला अपवाद केला आहे. जर्मनीत तर २०२० पासून नर्सिंगचं प्रशिक्षण घेणाऱ्याकडून फी घेत नाहीत, उलट तीन वर्षं महिन्याला विद्यावेतन देतात. याच जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी आपल्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला. दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे, त्यात नर्सही, आणि जर्मन शिकवायचा खर्च महाराष्ट्र करणार. माझा त्याला विरोध नाही, मुलींनी खुशाल जावं. पण स्टुटगार्टच्या वॉर्डात जाणाऱ्या नर्सच्या भाषेचा खर्च राज्याच्या तिजोरीतून निघतो, तर जिंतूरच्या ग्रामीण रुग्णालयात येऊ पाहणाऱ्या नर्सच्या फीचा का निघू नये?

मला फुकट नको. शासकीय एमबीबीएसवाल्यांकडून जसं बंधपत्र घेता तसं माझ्याकडूनही घ्या. नर्सिंग दुसरी पदवी असली तरी राज्याने फी भरावी, आणि त्याबदल्यात दोन वर्षं, हवं तर तीन, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नियमित वेतनावर काम करून घ्यावं. एका खासगी रुग्णालयाने अशीच तयारी दाखवली होती, पण मूळ सनदा त्यांच्या कपाटात ठेवायच्या या अटीवर. त्या अटीपेक्षा सरकारचं बंधपत्र केव्हाही बरं.

मॅट्रिकोत्तरचा नियम केंद्राचा आहे, तर राज्याने आपल्या पैशातून वेगळी योजना काढावी आणि केंद्राकडे नर्सिंगचा अपवाद मागावा. मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देणारा जुलै २०२४ चा शासन निर्णय आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि इतर मागास घटकांसाठी आहे. त्या मुलींमध्येही आधी एखादी पदवी घेतलेल्या असणार. त्यांना सवलत लागू आहे की नाही, हे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, महाडीबीटीवर, एका ओळीत स्पष्ट लिहा. एका कॉलेजात 'फी माफ होईल' सांगतात, दुसऱ्यात 'पैसे परत भरावे लागतील' सांगतात, आणि मुलगी घाबरून अर्जच भरत नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, ३५ वर्षांपर्यंत प्रवेश देता ना? मग पस्तिशीतली उमेदवार आधी काहीतरी शिकलेली असणारच. फीचे नियम करताना समोर फक्त बारावीची मुलगी धरून चालणार नाही.

मी येत्या सीईटीचा अर्ज भरणार आहे. प्रवेशफेरी सुरू होण्याआधी एवढं कळवावं, की माझ्यासारखीने फी माफीच्या रकान्यात 'हो' लिहायचं की 'नाही', आणि बंधपत्र द्यायचं असेल तर ते कोणत्या कार्यालयात.

आपली,
एक पदवीधर लॅब कर्मचारी
परभणी जिल्हा