रुंद पावलांना मापाचे जंगली बूट मिळावेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘शिकारी बूट’ या नावाने ओळखले जाणारे, घोट्याच्या वर येणारे आणि जाड, खाचदार तळाचे बूट हल्ली आपल्याकडेही विकत मिळतात. नावात शिकार असली तरी शिकार आता उरलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थान चित्त्यांकरवी होणाऱ्या शिकारीसाठी देशभर प्रसिद्ध होते, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात त्या काळाच्या खुणा आजही पाहायला मिळतात आणि संस्थानाने शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे दार बंद केले, हे योग्यच झाले. ज्या रानात, चिखलात आणि काट्याकुट्यांत चालण्यासाठी ते बूट बनवले गेले, तिथे मात्र माणसे आजही रोज चालत आहेत. वनरक्षक गस्त घालतात, वनमजूर वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढतात, तरुण मंडळी गडवाटा तुडवतात आणि रात्रीची वीज आली की शेतकरी उसात दारे धरायला जातो. या सर्वांच्या पायांत नीट बसणारा बूट असावा, इतकीच माझी मागणी आहे. आणि ज्यांची पावले दुकानातल्या ठरीव मापात मावत नाहीत, त्यांच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण भुदरगड तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. दहावीपर्यंत शाळेतही अनवाणी आणि शेतातही अनवाणी, अशी आमच्या वेळची रीत होती. अनवाणी वाढलेल्या पायाची बोटे मोकळी पसरतात आणि चवडा रुंद होतो. माझा चवडा तसा आहे, पावलाची कमान उंच आहे, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आले आहे आणि डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब आहे. लांबीने माझा पाय आठ नंबरचा आहे. परंतु आठ नंबरचा कोणताही बूट मला चवड्यावर आवळतो आणि दुकानदार त्यावर एकच तोडगा सुचवतो, तो म्हणजे नऊ नंबर घेण्याचा.

काही वर्षांपूर्वी आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणाऱ्या मोहिमेसाठी मी असाच नऊ नंबरचा, चांगल्या किमतीचा बूट घेतला. १२ आणि १३ जुलै १६६० च्या रात्रीचे स्मरण म्हणून दरवर्षी पावसात हजारो पावले त्या वाटेने जातात, त्यांत आपलीही असावीत, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. दुकानात दोन पावले टाकली तेव्हा बूट आरामशीर वाटला. ‘वापरून वापरून पायाला बसेल,’ असे विक्रेत्याने सांगितले आणि मी ते मानले. पहिल्या चढावरच टाच आत वरखाली होऊ लागली. उतार लागला तसा ओल्या जांभ्या दगडावर पाय पुढे सरकून बोटे बुटाच्या टोकावर आदळू लागली. दुपारपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले, अंगठ्याचे नख काळेनिळे झाले आणि वाटेतल्या एका वाडीवर मला मोहीम सोडावी लागली. घरच्या मंडळींनी वयाचे कारण दिले. मला ते आजही पटलेले नाही, कारण माझे गुडघे आणि श्वास शेवटपर्यंत ठीक होते. त्या दिवशी मला बुटाने बसवले.

नंबर वाढवल्याने रुंदीचा प्रश्न का सुटत नाही, हे मला त्यानंतर समजले. आपण वापरतो ते नंबर इंग्रजी पद्धतीचे आहेत. त्यातला प्रत्येक नंबर इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर आहे आणि त्याचे मूळ जवाच्या दाण्याच्या लांबीत आहे. (आपल्याकडेही आठ यवांचा एक अंगुल मोजत असत, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) हा नंबर लांबी सांगतो आणि रुंदीविषयी काहीच सांगत नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी पाय मोजण्याचे जे धातूचे साधन तयार केले, त्यावर तीन मापे एकदम घेता येतात: टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, चवड्याची रुंदी आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचे अंतर. हे तिसरे माप फार महत्त्वाचे आहे. चालताना पाय ज्या सांध्यात वाकतो, बूटही नेमका तिथेच वाकला पाहिजे. रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतला की बुटाची वाकण्याची जागा पुढे सरकते, टाच मोकळी पडते आणि पाय व बूट दिवसभर एकमेकांशी झगडत राहतात. परदेशात चांगल्या शिकारी बुटांचा एकच नंबर नेहमीच्या डी रुंदीत आणि त्याहून रुंद अशा ई, दुहेरी ई या मापांतही मिळतो. आपल्या दुकानांत सहसा प्रत्येक नंबराची एकच रुंदी असते आणि तीही कोणत्या पायावरून ठरली, याचा कोठे उल्लेख नसतो.

माझा पायच वेडावाकडा आहे, असे मी बरीच वर्षे मानत आलो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ च्या अखेरीस सुरू केलेल्या पाहणीची माहिती वाचल्यावर तो समज गेला. देशभरातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली गेली आणि भारतीयांची पावले सर्वसाधारणपणे युरोपीय व अमेरिकी लोकांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसले. त्यावरून ‘भा’ या नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली आहे. म्हणजे दोष पावलांचा नव्हता. बूट ज्यावर ओढून शिवला जातो तो साचा, कारागीर ज्याला फर्मा म्हणतात, तो आमच्या पायांसाठी घडलेलाच नव्हता.

ज्यांना नवा बूट घ्यायचा आहे त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी सांगतो. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजतो आणि जंगलातही तो तसाच सुजणार असतो. जे जाड मोजे घालून चालणार तेच दुकानात न्यावेत. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाचे माप धरावे. बुटातला सुटा पातावा, म्हणजे आतला तळ, बाहेर काढून त्यावर उभे राहावे. चवडा त्याच्या कडेबाहेर आला तर तो बूट कितीही आवडला तरी परत ठेवावा. लेस बांधून एखाद्या उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर खाली चालून पाहावे आणि बोटे टोकाला लागतात का, ते तपासावे. पावलाची कमान उंच असणाऱ्यांनी दुखऱ्या जागेवरच्या भोकांतून लेस आडवी न ओवता सरळ वर न्यावी, म्हणजे तिथला दाब जातो. घोट्याच्या वळणावर लेसला दुहेरी पीळ दिला की टाच जागेवर राहते. बूट पुढे सैल होईल, या आश्वासनावर विसंबू नये. चांगले अखंड चामडे थोडेफार ताणते. रेक्झिन किंवा कापडी जोडांचा बूट ताणत नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी तर याबाबत अधिकच सावध असले पाहिजे, कारण पायाची संवेदना कमी झाली की बूट चावल्याचे कळतच नाही आणि साध्या फोडाची जखम चिघळत जाते.

माझा प्रश्न अखेर कोल्हापुरातच सुटला. सुभाषनगर परिसरातल्या एका कारागिराकडे मी आधी पायताणे शिवून घेत असे. तो ग्राहकाला कागदावर उभे करून दोन्ही पावलांची रेघ काढतो आणि चवडा, कमान व टाच सुतळीने मोजून घेतो. बसलेला पाय आणि अंगाचे वजन पडलेला पाय यांत फरक असतो, हे त्याने मला प्रथम दाखवले. बूट शिवायला तो आधी तयार नव्हता, कारण पायताण मापाने कापता येते, पण बुटाला फर्मा लागतो आणि रुंद फर्मा त्याच्याकडे नव्हता. मी आग्रह धरला तेव्हा त्याने आठ नंबरचा जुना लाकडी फर्मा घेतला, त्यावर चवड्याच्या दोन्ही बाजूंना आणि अंगठ्याच्या हाडाच्या जागी चामड्याचे तुकडे चिकटवले, ते रापीने तासून माझ्या मापाला आणले आणि त्यावर बूट ओढला. बाभळीची साल व हिरड्यात कमावलेले आपले पारंपरिक चामडे पावसाळी बुटाला चालणार नाही, ते भिजले की बिघडते, हे त्यानेच सांगितले आणि वरच्या भागासाठी क्रोमच्या क्षारांत कमावलेले चामडे वापरले. पाणी आणि जळवा आत शिरू नयेत म्हणून बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवून टाकली. तो बूट घालून मी गेले दोन पावसाळे दाजीपूरच्या वाटा चाललो आहे आणि पायाला एकही फोड आलेला नाही.

ही विद्या आपल्या शहरात आहे, म्हणूनच मला हे पत्र लिहावेसे वाटले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी आहे आणि त्याची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. आपल्या राज्याच्या महामंडळाने कोल्हापुरात रुंद फर्म्यांचे पुरुषांचे आणि स्त्रियांचे पूर्ण संच कारागिरांना सामायिक वापरासाठी उपलब्ध करून द्यावेत, अशी माझी विनंती आहे. एकेका कारागिराला असा संच परवडत नाही. दहा जणांत एक असला तरी पुरे. स्त्रियांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. आता वनरक्षकांत मुलीही मोठ्या संख्येने आहेत आणि पुरुषांच्या बुटाचा लहान नंबर हा त्यांचा बूट होऊ शकत नाही, कारण स्त्रीच्या पायात चवड्याच्या मानाने टाच अरुंद असते. वन विभागाने गणवेशाच्या बुटांची मागणी नोंदवताना नंबराबरोबर प्रत्येकाच्या पावलांची कागदावरची रेघही घ्यावी. त्याला प्रत्येकी पाच मिनिटे लागतात.

शेतकऱ्यांविषयी एक गोष्ट राहिली. सर्पदंश बहुतेक वेळा पायाला, घोट्याच्या आसपास होतो आणि आपल्या शिवारात घोणस सर्रास आढळते. तरीही दारे धरणारा माणूस बूट घालत नाही, कारण बाजारातला गमबूट त्याच्या रुंद, भेगाळलेल्या पायात शिरत नाही आणि शिरला तर चिखलातून निघत नाही. माझ्या धाकट्या भावाने असा जोड दोन वर्षे गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवला होता. यंदाच्या दिवाळीनंतर मी त्याला घेऊन त्याच कारागिराकडे गेलो आणि त्याच्या दोन्ही पावलांची रेघ काढून आलो. त्याचा चवडा माझ्याहूनही रुंद निघाला, त्यामुळे फर्म्यावर चामड्याचा आणखी एक थर चढवावा लागणार आहे. पाणीपाळी सुरू होण्याआधी बूट तयार होईल, असे कारागिराने सांगितले आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
कोल्हापूर