किती जण आले ते नको, पुढे किती पोहोचले ते छापा

महोदय,

नोव्हेंबर जवळ आला, की पुरुषांसाठीच्या मोफत आरोग्य तपासणीच्या बातम्या वाढू लागतात. १९ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो, त्याच्या आगेमागे शिबिरांची गर्दी होते. बातमीत एक आकडा हमखास असतो: अमुक इतक्या जणांनी लाभ घेतला. त्या आकड्यावरून शिबिर कामाचे झाले की वाया गेले हे कळत नाही, पण छापून तोच येतो म्हणून आयोजकही तोच वाढवण्याच्या मागे लागतात. पुरुष आणि मुलग्यांपर्यंत आरोग्यसेवा नेण्याचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. मोजायचेच असेल, तर ज्यांच्या तपासणीत काही वावगे निघाले त्यांपैकी किती जण महिन्याभरात डॉक्टरांसमोर बसले, ते मोजावे.

रक्तदाबाचेच घ्या. अशा शिबिरातली सर्वांत उपयोगी तपासणी तीच आणि सर्वांत घाईने उरकली जाते तीही तीच. माणूस आधी पाच मिनिटे शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, दोन्ही पावले जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, धावपळ नको. लघवीला लागलेली असेल तर आधी जाऊन यावे. मशीन चालू असताना बोलू नये. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. घट्ट बाही वर सरकवली की तिचाच आवळा बसतो आणि आकडा चुकतो. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्यायची आणि दोन्ही लिहून ठेवायची.

पट्ट्याच्या मापाकडे तर बहुतेक ठिकाणी कुणी पाहतच नाही. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला नेहमीचाच पट्टा बांधला, की रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ मिमीने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) जास्त आला होता. म्हणजे १२५ असलेला माणूस १४५ चा शिक्का घेऊन घरी जातो. शिबिराच्या पेटीत निदान तीन मापांचे पट्टे आणि दंड मोजायला एक टेप असलीच पाहिजे. मनगटावर बांधायची मशीन या कामाला नकोत. हाताची पातळी थोडी बदलली तरी त्यांचा आकडा हलतो.

आता हिशेब पाहा. दोन रीडिंग, मधला मिनिट, पट्टा बांधणे-सोडणे आणि नोंद धरून एका माणसाला चार मिनिटे लागतात. आधीची पाच मिनिटांची विश्रांती शेजारच्या खुर्च्यांवर होऊ शकते. तीन तासांत एका मशीनवर ४५ माणसे होतात, त्यापुढे नाही. एका मशीनवर तीन तासांत ३०० जण तपासले असे कुणी सांगितले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६ सेकंद आले. त्यात कुणी बसले नाही, कुणाचे दुसरे रीडिंग झाले नाही. ते आकडे कुठल्याच डॉक्टरच्या उपयोगाचे नाहीत.

१४०/९० किंवा त्याहून जास्त आले म्हणजे उच्च रक्तदाब ठरला असे नाही. दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करावी लागते. १८०/१२० च्या वर आले तर पाच मिनिटांनी परत मोजा. सोबत छातीत दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, बोलताना अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांतले काहीही असेल, तर थेट रुग्णालय. लक्षण नसेल तर घाबरवू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या. आकडा पटकन खाली आणण्यासाठी निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी सवय अजून कुठे असेल तर ती बंद झाली पाहिजे. रक्तदाब एकदम कोसळून हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

नुसते मोजून ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणणे आणि उपचार माणसापर्यंत नेणे यांत किती अंतर आहे, हे लॉस एंजेलिसमधल्या एका चाचणीने दाखवले. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ५२ केशकर्तनालयांतल्या, उच्च रक्तदाब असलेल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटात केशकर्तनकारांनी राहणीमान सुधारण्याचा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या गटात प्रशिक्षित फार्मासिस्ट दुकानातच येऊन बसत आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध सुरू करत, मात्रा बदलत. सहा महिन्यांनी सल्ल्याच्या गटात वरचा आकडा ९.३ मिमीने उतरला, औषधाच्या गटात २७ मिमीने. माणसे एकाच प्रकारची, जागाही तशाच. फरक पडला तो पुढची पायरी तिथेच ठेवल्याने. पुरुष आरोग्याबाबत बेफिकीर असतात हे वाक्य आम्हाला म्हणूनच पटत नाही. कामाच्या वेळेतच उघडणारा दवाखाना आणि बुडणारी हजेरी यांचा विचार न करता ते म्हटले जाते.

प्रत्येक ठिकाणी फार्मासिस्ट बसवणे जमणार नाही, कायदेही वेगवेगळे असतात. पण चिठ्ठी नीट लिहिणे सगळ्यांनाच जमते. ‘फिजिशियनला भेटा’ एवढ्यावर कुणी जात नाही. चिठ्ठीवर दोन्ही रीडिंग, कोणत्या हाताची, किती वाजता. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाला भेटायचे, हे सगळे हवे. त्यासाठी शिबिराची तारीख ठरण्याआधी दवाखान्याशी बोलून वेळा राखून ठेवाव्या लागतात. किती वेळा राखल्या आहेत त्यावरून किती जणांना तपासायचे ते ठरवावे. नोंदवहीत फोन नंबरासोबत फोन करायला संमती आहे का, कोणत्या वेळी उचलता येतो आणि घरच्या कुणाशी बोललेले चालेल, हे विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न विसरला जातो आणि मग घरात नको ती गोष्ट नको त्या माणसाला कळते. पहिला फोन तीन दिवसांत, दुसरा ठरलेल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी. गेला नसेल तर कारण लिहायचे. महिन्याभराने ती कारणे एकत्र वाचली, की पुढचे शिबिर कुठे आणि कधी घ्यायचे ते आपोआप समजते.

रक्तातल्या साखरेबाबत थोडक्यात. बोटावर फळाचा रस किंवा गोड काही लागलेले असेल तर साखर खोटी वाढलेली दिसते, म्हणून आधी हात धुवून कोरडे करायला लावा. स्पिरिट लावले तर ते पूर्ण वाळू द्या. बोट पिळून रक्त काढू नका, त्यात पेशींभोवतीचे पाणी मिसळते. स्ट्रिपच्या डबीचे झाकण लगेच बंद करा, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. सुई प्रत्येकाला नवी, आणि एकाच टोचणीच्या पेनाने दहा बोटे टोचणे कदापि नाही. उपाशीपोटी १२६ किंवा केव्हाही २०० च्या वर आले तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची; ग्लुकोमीटरवर निदान करायचे नसते.

प्रोस्टेट या पुरुषांमधल्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कर्करोगासाठी सरसकट पीएसए ही रक्ततपासणी करणाऱ्या शिबिरांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: समजावून सांगायला वेळ नसेल तर ती तपासणी करू नये. पीएसए वाढलेल्या चारांपैकी सुमारे तिघांना कर्करोग नसतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, नुकतेच झालेले वीर्यस्खलन, जोरदार सायकलिंग, नुकताच घातलेला कॅथेटर (लघवीची नळी) यांनीही तो वाढतो. उलट, सापडलेले काही कर्करोग इतके संथ असतात, की त्यांचा आयुष्यभर त्रास झाला नसता, पण उपचारांनी लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः निर्णय घ्यावा आणि सत्तरीनंतर ही तपासणी करू नये, असे सांगितले. वडील किंवा भाऊ यांना हा आजार झाला असेल तर बोलणे लवकर सुरू करावे.

पडद्यामागे एकट्याने बोलायला जागा मिळाली, की पुरुष हमखास विचारतात तो प्रश्न लिंगाला ताठरता न येण्याचा. त्याला गोळीचे नाव सांगून वाटेला लावणे ही मोठी चूक आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने चरबीचा थर तिथे आधी जाणवतो. हृदयविकाराची लक्षणे कधी कधी दोन-तीन वर्षांनी दिसतात. म्हणून अशा माणसाचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांची चौकशी त्याच बैठकीत व्हावी. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय सिल्डेनाफिलचा, म्हणजे ताठरतेसाठीच्या गोळीचा, विषयच काढू नये. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरतो.

मनाचे आजार शिबिराच्या यादीत अजून नीट आलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक लोक आत्महत्या करतात आणि पुरुषांमधला दर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे. पुरुष ‘उदास वाटते’ असे सहसा म्हणत नाही. तो चिडतो, जास्त पितो, झोपत नाही, पाठ दुखते म्हणतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का आणि मन खचल्यासारखे, निराश वाटले का, हे दोन प्रश्न रांगेत नव्हे, बसवून विचारावेत. उत्तर ‘बऱ्याच दिवशी’ असे आले, तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारायचे. विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो ही भीती खोटी आहे. होकार आला तर त्याला एकटे सोडायचे नाही, विष, गोळ्या, दोर, शस्त्र आवाक्यातून दूर करायला घरच्यांना सांगायचे आणि त्याच दिवशी मदत मिळवायची. हे करायला प्रशिक्षित माणूस हजर नसेल, तर त्या दिवशी हे प्रश्न विचारू नयेत.

मुलग्यांचा विषय आम्हाला सर्वांत तातडीचा वाटतो, कारण तिथे लाजेने अवयव जातो. वृषणाला पीळ बसणे हा प्रकार कुठल्याही वयात होतो, पण १२ ते १८ या वयात जास्त. एका बाजूला अचानक जोरात दुखू लागते, बऱ्याचदा झोपेतून जाग येते, मळमळ किंवा उलटी होते, ती बाजू वर ओढलेली आणि कडक लागते. मुलगा मात्र सांगतो, ‘पोटात दुखतंय.’ मग गोळी दिली जाते आणि सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. पीळ बसला की रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचते. २४ तासांनंतर क्वचितच. म्हणून शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक आणि पालक यांना एकच गोष्ट पाठ हवी: मुलाचे खालच्या पोटात अचानक दुखू लागले तर ‘खाली दुखतंय का?’ हे विचारायचे आणि हो म्हणाला तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यायचे. वाटेत खायला-प्यायला देऊ नये, भूल द्यावी लागू शकते. दुखणे मधेच थांबले तरी न्यायचे. पीळ सुटून पुन्हा बसतो.

शाळेतल्या सत्रात बाकीचे विषयही याच साधेपणाने यावेत. वयात येताना छाती थोडी वाढणे सामान्य आहे आणि बहुधा दोन वर्षांत ओसरते. झोपेत वीर्यस्खलन हा आजार नाही. वृषणात न दुखणारी गाठ लागली तर लगेच दाखवावी. तिथला कर्करोग १५ ते ३५ या तरुण वयात जास्त आढळतो आणि लवकर सापडला तर जवळपास सगळे बरे होतात. लहान मुलांच्या आईवडिलांना सांगायचे ते वेगळे: वृषण सहा महिन्यांपर्यंत खाली उतरले नसेल तर सर्जनकडे जा, आणि लिंगाची त्वचा जबरदस्तीने मागे ओढू नका. एचपीव्ही या काही कर्करोगांना कारण ठरणाऱ्या विषाणूवरची लस मुलग्यांनाही देता येते. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून ती शाळांत मुलग्यांसाठी सुरू केली. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता पेटीत टाकू द्यावेत. पेटी सत्राच्या आदल्या दिवशी ठेवावी, समोर कुणी चिठ्ठी टाकत नाही. शारीरिक तपासणी वर्गात, रांगेत कधीही नको. ती पालकांच्या आणि मुलाच्याही संमतीने, बंद खोलीत आणि तपासणाऱ्याशिवाय आणखी एक जबाबदार व्यक्ती हजर असताना व्हावी.

बातमीदारांनी आयोजकांना विचारावे, अशी आमची विनंती आहे: मशीन किती होती, पुढच्या तपासणीसाठी किती जणांना वेळ ठरवून दिली आणि त्यांतले किती गेले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शिबिराच्या दिवशी मिळतील. तिसऱ्यासाठी सहा आठवड्यांनी पुन्हा फोन करावा लागेल, आणि त्या उत्तराला उद्घाटनाच्या छायाचित्राइतकी जागा द्यावी.

आपले,
सामुदायिक आरोग्यसेवेत काम करणारे काही कार्यकर्ते