देवीची नवी लस आणि हातावरचे जुने वण

संपादक महोदय,

डेन्मार्कच्या बव्हेरियन नॉर्डिक कंपनीने देवी व एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) या रोगांवरील आपल्या लशीसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी २०२४ मध्ये करार केला. त्यावर बोलणे निघाले तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकाने विचारले, 'देवीचा रोग तर १९८० सालीच जगातून गेल्याचे जाहीर झाले. मग लस तपासली कशावर?'

प्रश्न रास्त आहे. उत्तर आमच्याच हातावर आहे. लहानपणी देवी काढल्या की काही दिवसांनी फोड यायचा, खपली धरायची. फोड आला म्हणजे देवी उठल्या, लस लागू पडली. नाही आला तर पुन्हा टोचायचे. दक्षिण कोरियातील अमेरिकी सैनिकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हीच खूण उलटी वापरली: आधीच संरक्षण असेल, तर जुनी लस टोचूनही फोड येत नाही. सुमारे ४४० सैनिकांपैकी निम्म्यांना नव्या लशीचे दोन डोस दिले आणि मग जुन्या पद्धतीची जिवंत लस टोचली. ज्यांना थेट जुनीच लस दिली, त्यांच्या फोडाचे मध्यक क्षेत्रफळ ७६ चौरस मिलिमीटर भरले. नवी लस आधी घेतलेल्यांत ते शून्य! त्यांच्या रक्तातील विषाणूरोधक प्रतिपिंडेही (अँटीबॉडीज) जुन्या लशीच्या जवळपास दुप्पट होती. मला मात्र प्रतिपिंडांच्या आकड्यापेक्षा तो न आलेला फोडच जास्त पटतो.

सुरक्षिततेबाबत इतके निर्धास्त होता येत नाही. नव्या लशीतला विषाणू माणसाच्या पेशीत वाढत नाही, ही मोठीच जमेची बाजू. जुन्या लशीने काहींच्या हृदयाला सूज येते. पण हजारात एखाद्यालाच होणारा त्रास सव्वादोनशे जणांत दिसेलच असे नाही. शिवाय ते सैनिक १८ ते ४२ वयाचे, धडधाकट आणि पूर्वी देवीची लस कधीच न घेतलेले होते.

आपल्याकडे 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' असे भिंतींवर वाचलेली पिढी अजून हयात आहे. (धाकट्यांच्या दंडावरचा वण बहुधा क्षयावरील बीसीजी लशीचा असतो, तो देवीचा समजू नये.) वण असलेल्या वयस्करांवर परदेशात लहान चाचण्या झाल्या आहेत. इथे चाचणी होईल तेव्हा आम्हालाही, आमच्या मधुमेह-रक्तदाबासकट, त्यात घ्यावे आणि निष्कर्ष वयोगटवार, मराठीतूनही प्रसिद्ध करावेत.

– एक ज्येष्ठ वाचक, पुणे